रूथवेलच्या बागेतला क्रूस

स्कॉटलंडच्या दक्षिणेला, सॉल्वे खाडीच्या काठी रूथवेल नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या पाद्र्याच्या बागेत १८२३ साली आठव्या शतकातला एक दगडी क्रूस पुन्हा उभा राहिला. उंची सुमारे अठरा फूट. अरुंद बाजूंवर चढत गेलेली द्राक्षवेल, तिच्या वळणावळणांत घोस टिपणारे पक्षी आणि प्राणी. रुंद बाजूवर ख्रिस्ताचे पाय केसांनी पुसणारी स्त्री. तिचा हात अंगाच्या मानानं केवढा मोठा कोरलाय! छायाचित्रातसुद्धा माझी नजर तिथून हलत नाही. सारं दुःख त्या शिल्पकारानं मनगटात उतरवलं असावं.

स्कॉटिश चर्चच्या महासभेनं १६४२ मध्ये मूर्तिपूजेचं प्रतीक म्हणून हा क्रूस पाडायला लावला. तुकडे चर्चमध्ये पडून राहिले. लोक त्यांवर बसत. पुढे ते बाहेर दफनभूमीत गेले. त्याच चर्चचे पाद्री हेन्री डंकन यांनी ते गोळा केले, जोडले. आडवा हात मिळेना, म्हणून नवा घडवून घेतला. त्याबद्दल अभ्यासक त्यांना बोल लावतात. मला मात्र हाताविना थिटा उभा क्रूस पाहवला नसता, आणि त्यांनाही पाहवला नसावा.

वेलीच्या कडांनी रून लिपीतली अक्षरं आहेत. त्यांचा अर्थ तेव्हा कुणालाच नीट लागत नव्हता. तरी डंकन यांनी क्रूसाचा वृत्तांत लिहून चित्रांसह स्कॉटलंडच्या पुरातत्त्व मंडळाच्या ग्रंथात छापला. न कळणाऱ्या मजकुराची एकेक रेघ जपायची, हे मला फार मोठं वाटतं. १८४० मध्ये अभ्यासक जॉन केंबल यांनी ती अक्षरं वाचली. ती एक कविता होती. क्रूस स्वतःच बोलत होता, ख्रिस्ताला अंगावर पेलल्याची व्यथा सांगत होता. हीच कविता जास्त विस्तारानं इटलीतल्या व्हर्चेलीच्या एका हस्तलिखितातही निघाली.

हेच डंकन १८१० मध्ये गावच्या गरिबांसाठी बचत बँक काढतात. इतर बँकांना खात्यासाठी दहा पौंड लागत; इथे सहा पेन्स चालत. हेच डंकन १८२८ मध्ये कॉर्नकॉकल मूरच्या खाणीतल्या वाळूखडकावरच्या प्राचीन पाऊलखुणांचा वृत्तांत विद्वानांपुढे ठेवतात. (त्या ताडून पाहायला भूवैज्ञानिक बकलंड यांनी मळलेल्या कणकेवर कासव चालवलं होतं.)

१८४३ मध्ये स्कॉटिश चर्चमध्ये फूट पडली. पाद्री नेमायचा हक्क जमीनदारांचा की मंडळीचा, हा वाद होता. साडेचारशेंहून अधिक पाद्री बाहेर पडले, त्यांत अडुसष्ट वर्षांचे डंकनही. चव्वेचाळीस वर्षांचं घर सुटलं, बाग सुटली. क्रूस तिथेच राहिला. तीन वर्षांनी ते गेले.

१८८७ मध्ये क्रूस चर्चच्या आत नेला. त्याच्यासाठी मुद्दाम दालन बांधलं, उंची मावेना म्हणून जमीन खोल खणली. डंकन यांनी घडवून घेतलेला आडवा हात तसाच ठेवला.