मोटारीला कंठ फुटला

आमच्या चिरंजिवांना कंठ फुटला त्याला आता सहा वर्षे झाली. तेव्हा घरात कोणाला त्याचे फारसे नवल वाटले नव्हते. परंतु गेल्या श्रावणात त्याच चिरंजिवांनी आमच्या मोटारीला कंठ फोडण्याचा घाट घातला, तेव्हा मात्र घरात चांगलेच वादळ उठले.

मोटार म्हणजे काही फार मोठे प्रकरण नव्हे. दहा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरांची साधी गाडी. घर ते कॉलेज आणि कॉलेज ते मंडई एवढेच तिचे विश्व. तिचा एक गुण मला मोठा वाटे. ती बोलत नसे. वर्गात दिवसाचे चार तास बोलून घसा बसलेल्या माणसाला मुक्या वाहनाची थोरवी वेगळी सांगायला नको. चिरंजिवांना नेमका तोच तिचा दोष वाटत होता.

"बाबा, हिच्या इंजिनाचा आवाज मुळात फार छान आहे. कारखान्याने तो दाबून टाकलाय," एका रविवारी सकाळी ते म्हणाले.

मी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. दाबून टाकलेल्या आवाजांविषयी मी वर्गात बरेच काही बोलत असतो. त्यांतला एखादा आपल्याच बॉनेटखाली सापडेल, अशी माझी कल्पना नव्हती.

चिरंजिवांनी बॉनेट उघडले आणि पंतोजींची भूमिका घेतली. मी विद्यार्थी झालो आणि, खरे सांगायचे तर, पहिल्या बाकावरचा झालो. इंजिन हा मूळचा श्वास घेणारा प्राणी आहे. एक लिटर पेट्रोल जाळायला त्याला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. ही हवा समोरच्या दिव्यामागच्या नळीतून शिरते, एका काळ्या पेटीतल्या कागदी गाळणीतून गाळली जाते आणि मग इंजिनात ओढली जाते. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा श्वास ओढतो. म्हणजे चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० श्वास झाले! काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याची पंचमाची तार जवळजवळ याच वेगाने थरथरते. बारा वर्षे त्या गाडीशेजारून ये-जा करणाऱ्या—छे, दहाच!—माझ्या मराठी मनाला हा हिशेब कधी सुचला नव्हता.

"मग हा तंबोरा ऐकू का येत नाही?" मी विचारले.

त्यांनी नळीच्या कुशीला चिकटलेल्या एका पोकळ प्लॅस्टिकच्या डब्याकडे बोट दाखवले. त्याला आत शिरायला एक आखूड मान होती, बाहेर पडायला वाट नव्हती. "हा रेझोनेटर. हवा गाळत नाही, इंधन वाचवत नाही. नुसता आवाज गिळतो."

या डब्यामागचे शास्त्र हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन पंडिताचे आहे. १८२१ साली जन्मलेला हा मनुष्य वैद्यकापासून संगीतापर्यंत सर्वत्र संचार करणारा होता. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती आपला एक ठरावीक सूर काढते, हे आपण सर्वांनी लहानपणी करून पाहिलेले असते. हा डबा म्हणजे तशीच एक बाटली. नळीतून येणाऱ्या आवाजात तिच्या मापाचा सूर आला, की तिच्यातली हवा उलट्या लयीत डोलू लागते. लाटेवर उलटी लाट येते आणि दोन्ही मरतात. मिरजेचे कारागीर भोपळ्याच्या पोकळीतून तंबोऱ्याचा नाद फुलवतात. मोटारीचे कारागीर प्लॅस्टिकच्या पोकळीत नाद जिरवतात. पोकळी तीच, वापरणाऱ्याचा हेतू वेगळा.

चिरंजिवांचा पहिला बेत असा, की काळी पेटीच काढून टाकावी आणि तिच्या जागी शंकूच्या आकाराची एक उघडी, चकचकीत गाळणी बसवावी. यावर सौभाग्यवतींनी, "आधी मागच्या दाराची काच वर होत नाही तेवढी बघा," असे एकच वाक्य उच्चारले. प्रकरण तेवढ्यावरच थांबले असते, पण आम्ही बापलेक गॅरेजच्या मिस्त्रींकडे गेलो. हात पुशीत त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"उघडी गाळणी लावाल तर इंजिनाची गरम हवा परत इंजिनातच जाईल. गरम हवा विरळ असते. सिग्नलला गाडी अजून मरतुकडी होईल."

"आणि नळी खाली, बंपरपाशी नेली तर?" चिरंजीव.

"पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साठतं, ते कोण पिणार? हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकला की इंजिन खोला."

"निदान शक्ती तरी वाढेल ना?" मी उगाच विचारले.

"शक्ती नाही हो वाढत, सर. कानाला वाढल्यासारखी वाटते."

अखेर तह झाला. काळी पेटी आणि कागदी गाळणी जागच्या जागी राहील, सायलेन्सरला हात लावायचा नाही, फक्त तो आवाज गिळणारा डबा काढून त्याच्या भोकाला रबरी बूच बसवायचे. डबा माळ्यावर जपून ठेवायचा. शेजाऱ्यांची एक जरी तक्रार आली, तरी त्याच दिवशी परत चढवायचा. रात्री दहानंतर पाय हलका ठेवायचा, ही अट मी घातली.

मी इतक्या सहजासहजी कसा वळलो, याचे हिला आश्चर्य वाटले. कारण मी तिला सांगितले नव्हते; ते येथे सांगतो.

चिरंजिवांचे इंजिनिअरिंगचे कॉलेज गावाबाहेर आहे. आठवड्यातून तीन दिवस तिथल्या वर्कशॉपमध्ये त्यांना उशीर होतो आणि ते मोटार घेऊन रात्री अकराच्या पुढे हमरस्त्याने परततात. तोवर मी अंथरुणात डोळे मिटून जागा असतो. फोन करावा तर गाडी चालवताना ते उचलतील ही भीती. न करावा तर दुसरी भीती. मुकी मोटार कधी येऊन उभी राही ते कळत नसे. कुलपात किल्ली फिरेपर्यंत मी शंभर अपघात पाहून परत आलेलो असे.

माझ्या लहानपणी असे नव्हते. १९८५-८६ चा सुमार असेल. वडिलांची बजाज स्कूटर गल्लीच्या तोंडाशी वळली, की तिच्या फटफटीवरून आम्ही भावंडे त्यांना ओळखत असू. कॅरमच्या सोंगट्या पेटीत जात, पुस्तके उघडली जात, आणि आई चहाचे आधण ठेवी. वडील उंबऱ्यात येईपर्यंत सारे घर सज्जन झालेले असे. वडील जाऊन आता नऊ वर्षे झाली. पण तो आवाज आजही माझ्या कानांत त्यांच्या बोलण्याहून अधिक स्पष्ट आहे.

डबा निघाला. पहिल्या दिवशी मी कान टवकारून बसलो आणि माझी थोडी निराशाच झाली. संथ चालवताना काही फरक कळेना. पण आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक चढ आहे. पहिल्या गिअरमध्ये तो चढताना मोटारीने खोल छातीतून एक घुमारा काढला. गोंगाट नव्हे; एखाद्या गवयाने मैफलीपूर्वी हळूच खर्ज लावून पाहावा तसा. चिरंजिवांनी माझ्याकडे पाहिले. मी "बरा आहे" म्हणालो. आमच्या घराण्यात याहून मोठी दाद देण्याची पद्धत नाही.

गेल्या महिन्यात एका रात्री पाऊस कोसळत होता. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. मी पाणी प्यायला म्हणून उठलो. आईच्या खोलीच्या दाराखाली उजेडाची रेघ होती. तिला रात्री झोप लागत नाही, हे मी कित्येक वर्षे गृहीत धरले आहे. परीक्षेच्या कामाने उशीर होऊन मी घरी येई, तेव्हाही तो दिवा जळत असे आणि "अजून वाचत बसलीस? डोळे बिघडतील," असे मी तिलाच रागावत असे.

इतक्यात खाली चढावर तो खर्ज लागला. पाय हलका होता, तरी पावसातूनही मला तो ओळखू आला.

मी हातातला पेला खाली ठेवतो आहे तोच, आईच्या दाराखालची उजेडाची रेघ मावळली.