ओहोटीच्या वेळेत कुलाबा किल्ला

आपल्याकडे सहल म्हटली की चैत्यभूमी, दीक्षाभूमी, नाहीतर महाडचे चवदार तळे. तिथे जायलाच हवे. पण तिथे मुले मोठ्यांचे बोट धरून रांगेत उभी असतात. मुलांना मोकळे सोडता येईल अशी सहल आपल्या घरांतून क्वचितच निघते, कारण हातावर पोट असणाऱ्याचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. आमचे हे गवंडीकाम करतात, तेव्हा हा हिशेब मला पाठ आहे. तरीही गेल्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, आम्ही अलिबागसाठी एक दिवस काढला.

त्याला आणखी एक कारण होते. थोरला चौथीत आहे. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे त्याने ‘नोकरी’ असे लिहिले होते. मी विचारले तर म्हणाला, “सगळे तसंच लिहितात, आई.” ह्यांनी फॉर्म वाचला, सही केली, बोलले काही नाहीत. रात्री जेवताना मात्र अर्धी भाकरी तशीच ठेवली.

भगिनींनो, कुलाबा किल्ला पाहायचा तर आधी तिथी पाहावी. माझ्या माहेरच्या शेजारी एक कोळीण मावशी राहायची, तिने शिकवलेला हा हिशेब: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. आम्ही षष्ठी धरली. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे भरती दुपारी साडेचारला आणि ओहोटी त्याच्या सवासहा तास आधी, सकाळी सव्वादहाच्या सुमारास. दर दिवशी ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला गेलात तर भर दुपारी समोर नुसते पाणीच दिसेल.

गेटवेहून सकाळच्या लाँचने मांडवा, तिथून बसने अलिबाग. पावसाळ्यात लाँच बंद असते, हे लक्षात ठेवा. किनाऱ्यावर टांगेवाले मागे लागतात. म्हातारी माणसे बरोबर असतील तर टांगा करावा, नाहीतर चपला हातात घेऊन चालत जावे. ओल्या वाळूच्या लहान लहान वळ्या, त्यांत पळणारे खेकडे, मधेच गुडघ्याखाली येणारे पाणी, ही मजा टांग्यात बसून कशी मिळणार? धाकटी पाच वर्षांची. तिला ह्यांनी खांद्यावर घेतले होते, पण खेकडा दिसला की ती खाली उतरायची.

किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांनी १६८० साली सुरू करविले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथून आरमार चालविले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून चालून आले, तरी त्यांना हा किल्ला घेता आला नाही. दरवाज्यावर वाघ, हत्ती, मोर कोरलेले आहेत. मुलांचा तिथे बराच वेळ गेला.

हे मात्र तटापाशी थांबले ते हलेनात. मोठमोठे दगड नुसते एकावर एक रचलेले, सांध्यात चुना नाही. ह्यांनी थोरल्याचा हात धरून फटीत घातला. “बघ, कोपरापर्यंत जातो. लाट आपटली की पाणी ह्या फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथंच मोडतो. चुन्यानं गच्च भरली असती ना भिंत, तर सगळा मार अंगावर घेऊन कधीच फुटली असती.” बाजूला एक कुटुंब उभे होते. त्यातल्या गृहस्थांनी विचारले, “तुम्ही पुरातत्त्व खात्यात आहात का?”

“नाही साहेब, गवंडी आहे,” हे म्हणाले.

त्या गृहस्थांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या. खालचा दगड मोठा का, वरच्याला उतार कसा देतात. ह्यांनी हाताने दाखवून सांगितले. थोरला बापाच्या शर्टाचे टोक धरून उभा होता. मी काही बोलले नाही.

आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चहूकडे खारे पाणी आणि मधे गोडे, हे धाकटीला पटेना. तटावर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफा आहेत. त्यांवर इंग्रजीत इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या कारखान्याचे नाव ओतलेले आहे. थोरल्याने अक्षरे लावून वाचले आणि विचारले, “पप्पा, तोफेवर बनवणाऱ्याचं नाव आहे. मग दगडावर कुठंय?” ह्यांनी खरेच दोन-तीन दगड निरखून पाहिले, मग म्हणाले, “आपल्या लोकांना कोण लिहू देत होतं तेव्हा!”

अकराला आम्ही निघालो. धाकटी शिंपल्यांसाठी रडली, पण पाणी चढू लागले की पोरे घेऊन घाई करण्यात अर्थ नाही. किनाऱ्यावर भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि उकडलेली अंडी खाल्ली, आणि दुपारभर पोरे वाळूत लोळली. साडेतीनला पाहिले तर आम्ही चाललो ती वाट पाण्याखाली गेली होती.

परतीला एस.टी. धरली, कारण २०२३ सालापासून आम्हा बायकांना अर्धे तिकीट आहे. पोयनाडच्या बाजूला ह्यांनी मुलांना खिडकीतून चरीचा परिसर दाखविला. १९३३ पासून सहा वर्षे इथल्या कुळांनी खोतांची शेते कसली नाहीत. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते, आणि १९३४ साली बाबासाहेब स्वतः त्यांच्या सभेला आले होते.

“सहा वर्षं मग खाल्लं काय त्यांनी?” थोरल्याने विचारले.

“मोळ्या विकल्या, मासे मारले,” हे म्हणाले. तो पुढे काय काय विचारीत राहिला. पेण येईपर्यंत धाकटी माझ्या मांडीवर झोपली होती आणि तिच्या मुठीतली वाळू सीटवर सांडत होती.