मोटर घेताना विहीर बघतो, मग अ‍ॅम्प घेताना हेडफोन का बघत नाही?

मंडळी, आज पाणीपट्टी नाही, नगरपालिका नाही, रस्त्यांचे खड्डेही नाहीत. आज विषय आहे महागडे हेडफोन आणि त्यांना लागणारे अ‍ॅम्प्लिफायर. "हा पैसेवाल्यांचा शौक, आपला काय संबंध?" असं काही जण म्हणतील. संबंध आहे. आपल्या तालुक्यात घरातल्या एका खोलीत स्टुडिओ टाकलेली पोरं आता बरीच झालीत. लग्नाचे व्हिडिओ, भजनी मंडळांची रेकॉर्डिंग्ज, यूट्यूबवरची गाणी, सगळं इथेच तयार होतं. या पोरांसाठी हेडफोन म्हणजे गवंड्याचा ओळंबा. आणि ओळंबा घ्यायला गेलेल्या माणसाला हप्त्यावर क्रेन विकली जात असेल, तर ती सगळ्यांची बाब आहे.

असंच एक पोरगं माझ्याकडे आलं होतं. एडिटिंग करतो. पैसे साठवून त्याने सेन्हायझरचा एचडी ६५० घेतला. वस्तू उत्तम. पण जुन्या लॅपटॉपला लावला तर आवाज दबलेला. शहरातल्या दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "३०० ओहमचा आहे, त्याला मोठा अ‍ॅम्प लागणारच." किंमत पंचेचाळीस हजार, हप्त्याची सोय आहे. हेडफोनपेक्षा अ‍ॅम्प महाग! पोरगं हप्त्याच्या फॉर्मवर सही करायच्या बेतात होतं. म्हटलं, थांब, आधी कागद-पेन घे.

हिशोब अवघड नाही. विहिरीवर मोटर बसवताना आपण काय करतो? पाणी किती फुटांवर आहे, किती उंच चढवायचंय, पाइप किती इंची, हे बघतो आणि मग एचपी ठरवतो. दुकानदार म्हणाला म्हणून दहा एचपीची मोटर कुणी चाळीस फुटांच्या विहिरीवर टाकत नाही. इथेही तसंच. हेडफोन म्हणजे विहीर, अ‍ॅम्प म्हणजे मोटर. आधी हेडफोनचे दोन आकडे बघायचे.

पहिला आकडा ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा. साधारणपणे ओहम जास्त असेल तर व्होल्टेज जास्त लागतं, कमी असेल तर करंट जास्त लागतो. एकाच नावाचा हेडफोनही वेगवेगळ्या ओहमचा असू शकतो. बेयरडायनॅमिकचा डीटी ८८० हा ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन प्रकारांत आलाय. म्हणून नुसतं नाव सांगून अ‍ॅम्प मागू नका.

दुसरा आकडा संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वीज दिली की किती डेसिबल आवाज निघतो. खरी गोम इथे आहे. कुणी हा आकडा १ मिलिवॉटला देतं, कुणी १ व्होल्टला, आणि अनेक खोक्यांवर नुसतंच "१०० डीबी" छापलेलं असतं. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये या दोन मापांत १५ डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे लागणाऱ्या विजेत ३० पटींहून जास्त! शेर आणि किलो एकच समजून धान्य विकावं, तसा हा प्रकार.

आता त्या पोराचा हिशोब. एचडी ६५० ला १ व्होल्ट दिला की १०३ डेसिबल, असं कंपनीच सांगते. गाण्यातला अगदी जोरकस क्षण, ढोलकीची थाप म्हणा, ११० डेसिबलपर्यंत न फाटता जावी असं धरू. त्यासाठी लागतात साधारण सव्वादोन व्होल्ट. ३०० ओहमवर त्याची वीज होते सुमारे १७ मिलिवॉट. बस्स.

आता उलट उदाहरण. हायफायमॅनचा एचई-६ हा आता जुना झालेला, पण जाणकारांत नाव असलेला हेडफोन. ओहम फक्त ५०. दुकानदाराच्या नियमाने हा फोनवरही वाजायला हवा! पण त्याची संवेदनशीलता १ मिलिवॉटला ८३.५ डेसिबल. तेच ११० डेसिबल गाठायला त्याला साधारण ४५० मिलिवॉट लागतात. म्हणजे ५० ओहमवाल्याला ३०० ओहमवाल्याच्या २५ पटींहून जास्त वीज. "ओहम जास्त म्हणजे अ‍ॅम्प मोठा" हे वाक्य इथेच कोसळतं. एचई-६ वाला मोठा अ‍ॅम्प घेत असेल तर तो योग्यच करतोय. एचडी ६५० वाल्याला तो घ्यायला लावणं म्हणजे उथळ विहिरीवर दहा एचपी.

अ‍ॅम्पचा आकडाही नीट वाचायला हवा. "१००० मिलिवॉट" लिहिलंय, पण किती ओहमवर? बहुतेक वेळा ते ३२ ओहमवरचं असतं. तेवढ्याच व्होल्टेजवर ३०० ओहमला त्यातले साधारण १०० मिलिवॉट मिळतात. आणखी एक आकडा अ‍ॅम्पच्या स्वतःच्या अडथळ्याचा, ज्याला आउटपुट इम्पिडन्स म्हणतात. ढोबळ नियम असा की तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागाहून कमी असावा. एचडी ६५० चा अडथळा खालच्या सुरांत वाढतो, त्यामुळे काही व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पवर त्याचा बेस फुगतो. कुणाला तो गोड लागतो, लागू दे. पण जो त्यावर भजनाचं मिक्सिंग करणार, त्याचा ओळंबाच तिरपा झाला.

त्या पोराने शेवटी २ व्होल्ट देणारं, काही हजारांचं छोटं डॉंगल घेतलं. हिशोबाने १०९ डेसिबल झाले. काम सुरू आहे. पण जाताना त्याने विचारलं, "मग दुकानदाराने मला असं का सांगितलं?"

या प्रश्नासाठी ही पोस्ट आहे. आपल्याकडे ऐकून बघायची सोय नाही. हजारोंचा माल फोटो आणि रिव्ह्यू बघून मागवावा लागतो. रिव्ह्यू करणाऱ्याला माल फुकट मिळालाय का, विक्रीवर कमिशन आहे का, हे अनेकदा कळत नाही. २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा व्यवहार असेल तर तो उघडपणे सांगावा लागतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मालाचा दर्जा, मानक आणि किंमत जाणून घेणं हा तुमचा हक्क आहे. मालात किंवा व्यवहारात खोट असेल तर, दुकान मुंबईत असो की दिल्लीत, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आधी सल्ला हवा तर १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

म्हणून खरेदीआधी हे पाच प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी विचारा आणि उत्तरं जपून ठेवा:

१. हेडफोन किती ओहमचा?
२. संवेदनशीलता किती, आणि ती मिलिवॉटला की व्होल्टला?
३. माझ्या हेडफोनच्या ओहमवर हा अ‍ॅम्प किती वीज देतो?
४. अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स किती?
५. पटला नाही तर किती दिवसांत परत घेणार?

उत्तर द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडून घेऊ नका.

पैसा कुठे घालायचा? आधी हेडफोनमध्ये. दोन हेडफोनच्या आवाजात फरक मोठा असतो. पुरेशी वीज देणाऱ्या, खरखर नसलेल्या दोन नीट अ‍ॅम्पमधला फरक फार थोडा. मागून उघडा असलेला हेडफोन मिक्सिंगला चांगला, पण त्यातून आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. माइकसमोर गाताना बंद प्रकारचाच हवा. आणि चष्मा लावून दोन तास डोक्यावर ठेवून बघा, कान दुखले तर बाकी सगळे आकडे व्यर्थ.

शेवटचा आकडा कानांचा. वर ११० डेसिबल लिहिले ते क्षणभराच्या थापेसाठी, सतत ऐकायला नव्हे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, सरासरी ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास, ९० असेल तर फक्त ४ तास. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. दिवसभर एडिटिंग करणाऱ्या पोराने हे टेबलासमोर लिहून लावावं. मिरवणुकीच्या डीजेत कान गमावले तर कुठलाही अ‍ॅम्प ते परत देत नाही, आणि आवाज कमी वाटतो म्हणून माणूस आणखी मोठा अ‍ॅम्प शोधत बसतो.

घरात कुणी हप्त्यावर असं काही घेणार असेल तर त्याला हे वाचायला द्या. हिशोब जमत नसेल तर हेडफोनचं नाव आणि ओहम मला कळवा. कागद-पेन माझ्याकडे आहे.