खोली अजून तयार नाही

सुट्टीच्या दिवसांत दूरचा प्रवास करून आपण हॉटेलच्या दारात पोहोचता आणि स्वागतकक्षातून उत्तर मिळते, ‘खोली अजून तयार नाही, थोडे थांबावे लागेल.’ मुले कंटाळलेली असतात, आजी-आजोबांची पाठ अवघडलेली असते. अशा वेळी संताप येणे स्वाभाविक आहे. तरीही त्या अर्ध्या तासाचा राग मानू नये, असे मी आपणांस सुचवीन. महाबळेश्वरच्या एका हॉटेलात मी 19 वर्षे लिनन रूम सांभाळली. चादरी, अभ्रे, टॉवेल यांची मोजदाद, धुलाई आणि वाटप हे माझे काम होते. त्या अनुभवावरून सांगते, की स्वच्छ बिछान्याला मुख्यतः दोन गोष्टी लागतात : पुरेशा चादरी आणि पुरेसा वेळ. साबणाचा क्रमांक त्यानंतरचा.

प्रत्येक पलंगामागे चादरींचे किमान तीन संच असावे लागतात. एक पलंगावर, एक धुलाईत आणि एक कपाटात. चौथा असेल तर उत्तमच, कारण इस्त्रीतून आलेले कापड एक दिवस विसावले तर अधिक टिकते. खर्च कमी करण्याची वेळ आली की पहिली कात्री याच संचांना लागते. दिवाणखान्यातले झुंबर पाहुण्याला दिसते, कपाटातला तिसरा संच दिसत नाही.

एका दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट सांगते. आमची धुलाई वाईला होत असे. त्या दिवशी धुतलेल्या कपड्यांची गाडी पसरणी घाटातल्या कोंडीत अडकली. सकाळी 11 खोल्या रिकाम्या झाल्या होत्या आणि कपाटात केवळ 6 संच उरले होते. वरून निरोप आला, ‘ज्या चादरी मळलेल्या दिसत नाहीत, त्या झटकून, ताणून पुन्हा घाला. एका रात्रीने काय बिघडते?’ मी नकार दिला. उरलेल्या पाच खोल्यांतल्या एकीत, सकाळी गेलेल्या पाहुण्याने कचरापेटीत खरजेच्या मलमाची रिकामी नळी टाकली होती. ती चादर दिसायला अगदी शुभ्र होती. खरूज मुख्यतः प्रत्यक्ष स्पर्शाने पसरते हे खरे. पण तिचा किडा माणसाच्या शरीराबाहेरही दोन-तीन दिवस जगू शकतो, म्हणूनच डॉक्टर रुग्णाचे अंथरूण गरम पाण्यात धुवायला सांगतात. गजकर्णाचे बीजाणू तर कापडावर त्याहून कितीतरी अधिक काळ तग धरतात. ज्यांना ती खोली मिळायची होती, ते सद्गृहस्थ झोपलेले तान्हे मूल खांद्यावर घेऊन दोन तास बसून राहिले. ते मला पुष्कळ बोलले. मी त्यांना कारण सांगू शकत नव्हते.

शुभ्रतेविषयीही थोडे सांगायला हवे. धुलाईच्या पावडरीत असे द्रव्य असते, जे प्रकाशातील अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत फेकते. पूर्वी घरोघरी नीळ घालत, त्याच जातीचे हे काम. त्याने कापड पांढरे दिसते, निर्जंतुक होत नाही. ते काम उष्णतेचे. धुळीतले सूक्ष्म किडे, ज्यांच्या विष्ठेने दमेकऱ्यांना त्रास होतो, ते साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात मरतात. ढेकूण आणि त्यांची अंडीही तेवढ्या उष्णतेत वाचत नाहीत. मात्र यंत्र गच्च भरले असेल, तर पाणी मधल्या घडीपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय कपडे नीट खळबळले नाहीत तर साबणाचा क्षार त्यांत राहतो आणि नाजूक त्वचेला खाज सुटते. तिला लोक ‘पाणी बदलले’ म्हणतात!

मग आपण काय पाहावे? चादरीवरचे हात फिरवून घालवलेले दुमड नव्हे, तर सरळ रेषेतल्या घड्यांच्या खुणा पाहाव्यात. धुवून घडी घातलेल्या चादरीवर त्या बहुधा असतात. कोणी झोपून गेलेल्या चादरीच्या मध्यभागी बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पडलेल्या असतात. उशाकडील बाजूची चादर उचलून गादीच्या शिवणीवर मोबाईलचा उजेड टाकावा. शाईच्या थेंबांसारखे काळे ठिपके दिसले तर ते ढेकणांचे समजावे आणि खोलीच बदलून मागावी. तोवर बॅग पलंगावर ठेवू नये. पायथ्याशी अंथरलेली रंगीत पट्टी आणि शोभेच्या उशा प्रत्येक पाहुण्यामागे क्वचितच धुतल्या जातात. त्या खुर्चीवर ठेवून द्याव्यात.

ब्लँकेटचेही तेच. चांगल्या ठिकाणी ते दोन चादरींच्या मध्ये घातलेले असते, अंगाला लागत नाही. रेल्वेतही दोन चादरी देतात, त्यांतली एक ब्लँकेटखाली घेण्यासाठीच असते. ब्लँकेट किमान महिन्यातून एकदा धुतले जाते, असे रेल्वेमंत्र्यांनी नोव्हेंबर 2024 मध्ये लोकसभेत सांगितले होते. त्यामुळे दुसरी चादर उशाशी गुंडाळून ठेवणाऱ्या सहप्रवाशांचे मला नवल वाटते.

एकाच मुक्कामात रोज चादर बदलून मागणे मात्र मला पटत नाही. ती आपलीच असते, पाणी सर्वांचे. माझ्या नातीला दमा आहे. तिच्यासाठी मी घरचा अभ्रा नेते आणि गालिचा नसलेली, ऊन येणारी खोली मागते. त्याहून अधिक काही करत नाही.

चादर बदलून हवी असेल, तर स्वागतकक्षात सांगावे. खोली आवरणाऱ्या मुलीवर आवाज चढवू नये. आमच्याकडे एकीच्या वाट्याला आठ तासांत 14 खोल्या येत. हंगामात त्या 20 होत, म्हणजे न्हाणीघर धरून एका खोलीला 24 मिनिटे. आणि आपल्याकडूनही एक गोष्ट हवी. घरात कोणाला खरूज असेल, मुलाने रात्री अंथरूण ओले केले असेल, तर निघताना पांघरूण वर ओढून ते झाकू नका, सांगून जा. आमच्या मुली अशा वेळी कधी हसल्या नाहीत. मुकाट्याने चादर वेगळ्या पिशवीत घालत, गादीवरचे आवरण काढत आणि दोघी मिळून गादी गच्चीवर उन्हात नेत.