फिरती छत्री

आमच्या घरातल्या अँटेनाची पहिली मोटर मीच. नागपूरजवळच्या वाडीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर दहा फुटी पाइपाला अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना बांधलेला होता आणि वारा सुटला की तो तोंड फिरवून बसायचा. मग मला वर पिटाळलं जाई. मी पाइपाला मिठी मारून तो तसूतसूनं फिरवायचो, धाकटी बहीण जिन्यात उभी, बाबा खाली टीव्हीसमोर. "दिसून राहिलं का?" हे माझं ओरडणं जिन्यातून खाली जायचं आणि उत्तर वर यायचं, "मुंग्या येऊन राहिल्या!" मग अजून जरासं. "आलं, आलं! आता हात नको लावू!" मी हात काढला की चित्र गेलं. माझ्या अंगाचाही त्या अँटेनात काही वाटा असावा.

१९९२च्या सुमारास गल्लीत केबल आली आणि माझी नोकरी गेली. केबलवाल्याच्या गच्चीवर जाळीची भलीमोठी छत्री उभी राहिली. या यंत्राला 'छत्री' हे नाव कुणी दिलं कोण जाणे, पण ज्यानं दिलं त्याला दाद द्यावी लागेल. उलटी धरलेली छत्री, वरून पडेल ते झेलणारी. शाळेतून येताना आम्ही तिच्याखाली थांबून वर बघायचो. वर काहीच नसायचं.

ज्या एशियासॅट-१ वरून स्टारचे चॅनेल आमच्या गल्लीत उतरत होते, तो उपग्रह सेकंडहँड होता हे मी फार पुढे वाचलं. मूळ नाव वेस्टार-६. १९८४च्या फेब्रुवारीत 'चॅलेंजर' यानातून सोडला, पण त्याच्या इंजिनानं दगा दिला आणि तो खालच्याच कक्षेत अडकून पडला. नोव्हेंबरात 'डिस्कव्हरी'तल्या अंतराळवीरांनी तो पकडून पृथ्वीवर आणला, त्याची डागडुजी झाली आणि १९९०च्या एप्रिलमध्ये चिनी रॉकेटवर बसून तो नव्या नावानं परत वर गेला. वाडीतल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. अमरावती रोडच्या कडेला आम्ही लहानपणापासून हेच बघत आलोय. एका ट्रकचा गिअरबॉक्स दुसऱ्यात, तिसऱ्याचा एक्सल चौथ्यात, आणि चौथा बिनबोभाट कोलकात्याला जाऊन येतो.

त्यामुळे २००२ साली केबलवाल्यानं आपली आठ फुटी छत्री मोडीत काढली, तेव्हा ती आमच्याकडे येणं तसं ठरलेलंच होतं. बाबा अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते, नुकतेच रिटायर झालेले. हात रिकामे होते आणि ते त्यांना सोसत नव्हतं. छत्री हातगाडीवरून आली. आई दारात उभी राहून म्हणाली, "एवढ्या मोठ्या चाळणीत काय गहू चाळाचे आहेत का?"

बाबांना नुसती छत्री नको होती, फिरती छत्री हवी होती. केबलवाला एका उपग्रहाकडे एक छत्री लावून मोकळा होतो. आपण एकाच छत्रीनं सगळं आभाळ बघायचं, हा त्यांचा हिशेब. बर्डीच्या बाजारात जाऊन ते एक जुना जॅक घेऊन आले. ३६ व्होल्टची मोटर, तिच्यापुढे लांब-आखूड होणारा दांडा. सोबत पोझिशनर नावाचा डबा आणि त्याची इंग्रजी पुस्तिका. पुस्तिका मी वाचून दाखवायची आणि बाबांनी "समजलं, पुढं" म्हणायचं.

त्यात आर्थर सी. क्लार्क यांचं नाव होतं. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबर फिरतो आणि म्हणून आपल्याला एकाच जागी उभा दिसतो. तिथून साऱ्या जगाला संदेश पुरवता येतील, हे त्यांनी १९४५ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात लिहिलं होतं. बाबांना एवढंच कळलं की सगळे उपग्रह एका रांगेत आहेत आणि ती रांग आभाळात कमानीसारखी वाकलेली दिसते. "मंग छत्री कमानीवरून सरकली पाहिजे. बिजागरीचा कोन चुकला का दार घासतेच."

तो कोन बसवायला आम्हाला तीन रविवार लागले. पहिला रविवार नुसता खांबाचा. तीन इंची पाइप सिमेंटमध्ये उभा केला आणि बाबांनी चारही बाजूंनी ओळंबा सोडला, मग पाणसळ लावली, मग पुन्हा ओळंबा. खांब केसभर जरी कलला तरी मधला उपग्रह सापडतो, पण टोकाचे हुकतात. मला ते वेळखाऊपणाचं वाटत होतं. मी तेव्हा कॉलेज संपवून नोकरी शोधत होतो आणि मला सगळंच वेळखाऊ वाटे.

दुसरा रविवार दक्षिणेचा. होकायंत्रावर बाबांचा भरवसा नव्हता, आजूबाजूला सगळं लोखंडच. त्यांनी गच्चीवर दोरी टांगली आणि तिची सावली खडूनं आखत बसले. डिसेंबरचा मध्य होता, ऊन सुखाचं होतं. सावली सगळ्यात आखूड झाली तेव्हा घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. घड्याळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ रेखांशाचं आणि नागपूर ७९.१ वर, तेव्हा सूर्य आपल्याकडे उशिरानंच माथ्याशी येणार. ती खडूची रेघ म्हणजे आमची दक्षिण. आणि नशीब असं, की थायकॉम उपग्रह ७८.५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ त्याच रेघेवर उभा. झिरो माइलचा दगड बर्डीवर असला तरी माझ्या लेखी देशाचा मध्य त्या दिवसापासून आमच्या गच्चीवर आहे.

तिसरी पाळी रात्रीची. ज्या दांड्याभोवती छत्री फिरते तो पृथ्वीच्या आसाला समांतर हवा, म्हणजे नागपुरात २१ अंश कललेला. बाबांनी कोनमापकानं कोन लावला आणि मग रात्री गच्चीवर पालथं पडून, एक डोळा मिटून त्या दांड्याच्या रेषेत वर पाहिलं. रेषेच्या टोकाशी ध्रुव होता. मलाही दाखवला. फॅक्टरीत छत्तीस वर्षं कोन जुळवलेल्या माणसाला आपला कोन थेट ताऱ्याला जाऊन भिडलेला दिसावा! ते काही बोलले नाहीत, नट आवळत राहिले. शेवटी छत्रीचं तोंड अजून साडेतीन अंशांहून जरा जास्त खाली झुकवायचं होतं, कारण उपग्रह ताऱ्यांइतके दूर नाहीत. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून ते थोडे खाली दिसतात.

मग बटण दाबलं. जॅक घर्रर्र करत पुढे सरकला. थायकॉम मिळाला, ८३ मिळाला, पण बाबा हुरळले नाहीत. टोकाचा १०५.५ लागला, मग उलटं फिरून पश्चिमेचा ६८.५ लागला, तेव्हा कुठे ते म्हणाले, "खांब सरळ आहे."

पाहिलं काय, हा प्रश्न तेव्हाही लोक विचारत. थाई बातम्या पाहिल्या, ज्यातलं आम्हाला ओ का ठो कळत नसे. एशियासॅट-२ वर जर्मन, फ्रेंच, इटालियन चॅनेल फुकट मिळत; आईला इटालियन स्वयंपाकाचा कार्यक्रम आवडे आणि त्यात लसूण फार कमी घालतात असं तिचं मत होतं. कधी क्रिकेटचं कच्चं फीड सापडे. लोकांना जाहिराती दिसत असताना आम्हाला रिकामं मैदान आणि माती झाडणारा माणूस दिसे. पण खरं सांगायचं तर बाबा काहीच पाहत नसत. उपग्रह सापडला की ते पोझिशनरवरचा आकडा दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहीत आणि पुढच्याकडे निघत. त्या वहीत आजही एका पानावर दूध साडेबावीस लिटर आणि खाली थायकॉम ४१२ असं आहे.

दुसऱ्या पावसाळ्यात जॅकचं रबरी बूट फाटलं आणि आकडे चुकायला लागले. उघडून पाहिलं तर आत मुंग्यांनी घर केलेलं. पडद्यावरच्या मुंग्या डिजिटलनं संपवल्या होत्या, आता चित्र असतं किंवा नसतं, पण त्या अशा मागच्या दारानं आल्या. मोटर जळाली तेव्हा खडगाव रोडच्या लेथवाल्यानं ट्रकच्या वायपरची मोटर बसवून दिली. ती अजून दोन-तीन वर्षं चालली.

त्याच काळात दूरदर्शनचं फुकट डीडी डायरेक्ट प्लस आलं, २००४ च्या डिसेंबरात. मग पैसे भरायच्या लहान डिश. गल्लीत घरोघरी ताटाएवढ्या छत्र्या लागल्या. एक पोरगा येतो, वीस मिनिटांत डिश लावतो आणि जातो. सोपं झालं, चांगलंच झालं. आईनंही पहिल्या आठवड्यात घेतली. आमची मोठी छत्री ७८.५ वर उभी राहिली ती राहिलीच. उन्हाळ्यात तिच्या जाळीवर ओढणी पसरून आई कुरडया वाळवायची. म्हणजे चाळणीचा उपयोग झाला.

आता बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत, गुडघ्यांमुळे जिना बंद. वर्षातून दोनदा मात्र मला वर जावं लागतं. ११ मार्चच्या आसपास आणि २ ऑक्टोबरच्या आसपास सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. मार्चमध्ये साडेबाराच्या जरा आधी, ऑक्टोबरात बारा वाजून पाच-सात मिनिटांनी. छत्रीच्या तोंडाशी लटकणाऱ्या एलएनबीची, म्हणजे संदेश टिपणाऱ्या डबीची, सावली त्या वेळी जाळीच्या अगदी मधल्या चकतीवर पडायला हवी. यंदा गांधी जयंतीला मी वर गेलो. जाळी गंजलीय, एका बाजूला भोक पडलंय. सावली डावीकडून सरकत सरकत चकतीकडे येत होती.

जिन्याच्या तळाशी काठीचा आवाज झाला.

"दिसून राहिलं का?"