पडलेल्याचं नाव काय?

एक छोटीशी टेस्ट. गेल्या महिन्याभरात क्रिकेट सोडून दुसरा कुठला खेळ तुम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलाय? रील्स धरायच्या नाहीत. चॅनेल बदलताना चुकून लागलेली कबड्डीची दीड मिनिटंही नाहीत. मी हा प्रश्न आमच्या ग्रुपवर टाकला, तर एका आयटीवाल्या मैत्रिणीचं उत्तर आलं, "लेकाची कराटेची बेल्ट एक्झाम चालेल का?" चालेल, बाई. निदान पूर्ण तरी बघितलीस!

खेळ न निवडता बघायची एक झक्कास सोय एके काळी टीव्हीवर होती. शनिवारी दुपारी सेट लावायचा आणि समोर येईल ते बघायचं. कधी मुष्टियुद्ध, कधी बर्फावरचं स्केटिंग, तर कधी असा एखादा खेळ, ज्याचं नाव गेल्या शनिवारपर्यंत तुम्ही ऐकलेलंही नसायचं. त्या सोयीचं नाव ‘वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स’. अमेरिकेतल्या एबीसी चॅनेलवर २९ एप्रिल १९६१ ला हा कार्यक्रम सुरू झाला आणि दर आठवड्याला येत येत थेट जानेवारी १९९८ पर्यंत चालला. जवळजवळ ३७ वर्षं, बॉस! आपल्या डेली सोप्सनीही हात टेकावेत.

मास कॉमला असताना टीव्हीच्या पेपरला यावर पाच मार्कांची टीप होती. पाच मार्कांपुरतं पाठ केलं, लिहिलं, विसरले. मागच्या वर्षी भलत्याच कारणासाठी (ते पुढे येईलच) मी त्याचे जुने तुकडे यूट्यूबवर शोधायला लागले आणि रोज रात्रीचे दोन वाजायला लागले.

याच्या जन्माची गोष्ट भारी आहे. अमेरिकेतल्या तीन मोठ्या नेटवर्क्समध्ये एबीसी तेव्हा तिसरं, म्हणजे सरळ भाषेत शेवटचं. एडगर शेरिक नावाचा निर्माता आणि त्याच्याबरोबर रून आर्लेज, वय वर्षं २९. (माझ्याच वयाचा. मी इकडे जीएसटीच्या पावत्या जुळवतेय, असो.) त्यांनी अशा खेळांकडे मोर्चा वळवला, ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. मूळ बेत फक्त एका उन्हाळ्यापुरता, मोठ्या खेळांचा सीझन सुरू होईपर्यंत वेळ भरून काढायचा. थोडक्यात, फिलर! व्हिडिओटेप तेव्हा नवी नवलाई होती. तिच्यामुळे कुठेतरी झालेली स्पर्धा शूट करायची, कापूनकुपून नीट जुळवायची आणि शनिवारी दाखवायची, हे जमायला लागलं होतं. सूत्रधार म्हणून जिम मॅके नावाचा माणूस आला आणि पुढची कित्येक वर्षं तोच त्या कार्यक्रमाचा चेहरा झाला.

पहिल्या भागात काय होतं? फिलाडेल्फियातली पेन रिलेज आणि आयोवातली ड्रेक रिलेज. म्हणजे कॉलेजची पोरं धावतायत. बस्स. पण त्याच जुलैमध्ये ही मंडळी कॅमेरे घेऊन मॉस्कोला पोचली, अमेरिका विरुद्ध सोव्हिएत युनियन ॲथलेटिक्स दाखवायला. बर्लिनची भिंत उभी राहायला जेमतेम महिना उरलेला, दोन्हीकडे ताणाताण, आणि इकडे अमेरिकेच्या दिवाणखान्यात व्हॅलेरी ब्रुमेल हा रशियन पोरगा उंच उडीचा विश्वविक्रम करतोय. शत्रूला टाळी वाजवायची का नाही, हा प्रश्न त्या दुपारी बऱ्याच घरांत पडला असणार.

मला मात्र सगळ्यात आवडतात ते त्यांचे अचाट खेळ. मेक्सिकोत अकापुल्कोच्या कड्यावरून शंभरेक फूट खाली समुद्रात सूर मारणारे. बर्फावर स्केट करत येऊन ओळीनं मांडलेल्या पिंपांवरून उडी घेणारे. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावातली पंजा लढवायची स्पर्धा, तिला ‘जागतिक’ म्हणायचे! आणि १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये मोटरसायकलवरून चौदा बसेस ओलांडणारा एव्हल निव्हल; या कार्यक्रमाच्या सर्वांत जास्त बघितल्या गेलेल्या भागांपैकी तो एक. हा खेळ आहे का, असं कुणी विचारलंच नाही. माणूस काहीतरी अवघड करतोय ना? मग लावा कॅमेरा.

हे बघताना माझ्या डोळ्यांसमोर सारख्या आपल्या खानदेशातल्या बारागाड्या. ज्यांनी बघितल्या नसतील त्यांच्यासाठी: बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, बैल नाहीत, गाड्यांवर माणसं लटकलेली, आणि कमरेला दोर बांधून गावाचा भगत त्या ओढत नेणार. जळगावच्या पिंप्राळ्यापासून धुळ्याकडच्या खेड्यांपर्यंत, गावागणिक देव वेगळा, तिथी वेगळी, गर्दी तीच. आर्लेजचा एखादा माणूस चुकून भुसावळला उतरला असता ना, तर अमेरिकेनं शनिवारी बारागाड्या बघितल्या असत्या. पैज!

आणि कुस्ती. गंमत बघा, वाइड वर्ल्ड सुरू झालं त्याच १९६१ साली आपल्याकडे महाराष्ट्र केसरी सुरू झाली, औरंगाबादला. दुसऱ्याच वर्षी, १९६२ ला, ती धुळ्यात भरली आणि भगवान मोरे केसरी झाले. १९६६ ला जळगावात, तेव्हा दीनानाथ सिंह. माझ्या आईचे वडील, आमचे नाना, धुळ्याची कुस्ती बघायला गावातून सायकल मारत गेले होते. टीव्हीचा प्रश्नच नव्हता. मुंबई दूरदर्शनच सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला! त्यामुळे त्या कुस्तीचं रेकॉर्डिंग म्हणजे नाना स्वतः. ओट्यावर बसून ते ती कुस्ती पहिल्या सलामीपासून सांगायचे. कुणी कुठला पट काढला, कुणाचा पाय कुठे सरकला, हलगीवाला कधी थांबला. दर उन्हाळ्यात ती कुस्ती पाच मिनिटांनी वाढायची, असं मामी म्हणते. पण हरलेल्या पैलवानालाही नाना तितकाच वेळ द्यायचे. त्याचं नाव, गाव, वस्ताद कोण, सगळं.

आपल्याकडे टीव्ही खऱ्या अर्थानं गावोगाव पोचला तो १९८२ नंतर. १५ ऑगस्टला राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंग आले, नोव्हेंबरात दिल्लीचं एशियाड झालं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत लहान शहरांत भराभर ट्रान्समीटर उभे राहिले. पप्पा सांगतात, रविवारी दूरदर्शनवर लागेल तो खेळ वाडाभर बघायचा, अगदी जिम्नॅस्टिक्ससुद्धा, कारण दुसरं काही नव्हतंच. नंतर केबल आली, स्पोर्ट्स चॅनेल्स आली, चोवीस तास क्रिकेट आलं. तिकडेही तेच झालं. ईएसपीएन १९७९ ला सुरू झालं आणि हळूहळू प्रत्येक खेळाला स्वतःचं चॅनेल मिळत गेलं. मग सगळ्याची मिसळ कोण खाणार? ३ जानेवारी १९९८ ला मॅकेनं साप्ताहिक कार्यक्रम संपल्याचं सांगितलं. नाव काही वर्षं वापरात राहिलं, २००६ पर्यंत तेही गेलं. ब्रिटनमध्ये आयटीव्हीचा ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ तर १९८५ लाच संपला होता, बीबीसीचा ‘ग्रँडस्टँड’ २००७ ला.

आता त्या भलत्या कारणाकडे येते.

माझा मामेभाऊ, त्याला सगळे बापूच म्हणतात, धुळे तालुक्यातला. जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात शिफ्ट करतो आणि सुट्टीला गावी जाऊन तालमीत घुमतो. मागच्या वर्षी चैत्रात जवळच्या यात्रेत त्याची इनामाची कुस्ती लागली, मालेगावकडच्या पैलवानाशी. चार मिनिटं चांगली रंगली, असं मामा सांगतो. शेवटी धोबीपछाड बसली आणि बापू चितपट. चालायचंच, कुस्ती आहे. पण कुणीतरी शेवटची नऊ सेकंदं मोबाइलवर घेतली होती. त्यावर एक कार्टूनछाप म्युझिक चढवलं, पडताना स्लो मोशन, खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. चार दिवसांत ती क्लिप आमच्याच फॅमिली ग्रुपवर फिरत आली. पाठवणाऱ्याला पत्ताच नाही की हा आपला बापू आहे. बरोबरच आहे, क्लिपवर नाव कुठे होतं? कारखान्यात पोरं मशीनवर ती ट्यून शिट्टीनं वाजवायला लागली. बापूनं तालीम सोडली. गावी जाणंही सोडलं. मामीचा फोन आला, "तू पत्रकार शे ना, काढी टाक ना ते."

काढून कसं टाकणार? मी रिपोर्ट केलं, दोन ठिकाणची गेली, पाच ठिकाणी नवी आली.

तेव्हा मला ती पाच मार्कांची टीप आठवली. कारण वाइड वर्ल्डच्या सुरुवातीच्या टायटल्समध्येसुद्धा एक माणूस पडतो! विजयाचा थरार आणि पराभवाची वेदना, असं निवेदन चालू असतं आणि ‘पराभव’ म्हणताच एक स्की-जंपर उतारावरून तोल जाऊन गोफणीतल्या दगडासारखा बाजूला भिरकावला जातो. ७ मार्च १९७०, पश्चिम जर्मनीतलं ओबर्सडॉर्फ. बर्फ पडत होता, उतार फारच वेगवान झाला होता. त्याला मधेच ते जाणवलं आणि त्यानं उडी थांबवायचा प्रयत्न केला. तिथेच फसलं. बघताना वाटतं, संपला माणूस. प्रत्यक्षात डोक्याला जरासा मार, बाकी धडधाकट. पण एबीसीनं ती काही सेकंदं टायटलला लावली आणि दर आठवड्याला, वर्षानुवर्षं, तो पडतच राहिला. अख्खी अमेरिका त्याला पडणारा माणूस म्हणून ओळखायची.

आणि त्याला स्वतःला? गंधवार्ता नाही! तो युगोस्लाव्हियात, आताच्या स्लोव्हेनियातल्या लेस्से गावात. साखळ्या बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, फावल्या वेळात चित्रं काढायची. १९८१ ला कार्यक्रमाला वीस वर्षं झाली म्हणून न्यूयॉर्कला सोहळा ठेवला आणि याला बोलावणं गेलं, तेव्हा त्याला कळलं की आपण तिकडे कोण आहोत. सभागृहात त्या काळातले एकेक दिग्गज बसलेले. सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या त्या याला. मोहम्मद अलीनं येऊन त्याची सही मागितली. अलीनं!

आता एबीसीवाले संत होते असं माझं म्हणणं नाही. न विचारता एखाद्याचं पडणं आठवड्याच्या आठवड्याला दाखवायचं, हे काही फार सभ्य नाही. पण निदान एकदा तरी त्यांनी त्याचा पत्ता शोधला, तिकीट पाठवलं, स्टेजवर नाव पुकारलं. आर्लेजचा तो फंडाच होता: खेळाडू दाखवायचा तर त्याचं गाव, घर, आईबाप दाखवायचे, म्हणजे बघणाऱ्याला तो आपला वाटतो. म्हणूनच १९७२ ला म्युनिक ऑलिंपिकमध्ये अतिरेक्यांनी इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं, तेव्हा तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर मॅके बसला होता. अकरा जण गेल्याचं त्यानंच सांगितलं. खेळ सांगणारा माणूस, पण त्या रात्री लोकांना तोच जवळचा वाटला.

हे सगळं वाचून मी एका पोर्टलला स्टोरी सुचवली, खानदेशातल्या यात्रा-दंगलींवर. बारागाड्या, तालमी, वस्ताद, हरणारे-जिंकणारे सगळे. एडिटरनं कॉलवर विचारलं, "फनी फॉल्सचं फुटेज आहे का? कंपायलेशन केलं तर चालेल." महिन्याची २८ तारीख होती, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं डोक्यावर. मी म्हटलं, नाहीये. मग रावेर-यावलच्या केळीच्या भावांवर एक स्टोरी करून भाडं भागवलं. केळीनं खानदेशी माणसाला आजवर कधी दगा दिलेला नाही, सॉरी, दिलाय, पण त्या महिन्यात नाही.

आखाजीला माहेरी, म्हणजे जळगावला गेले, तेव्हा बापूला मुद्दाम जेवायला बोलावलं. सेकंड शिफ्ट करून आला, रात्री साडेअकराला. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झाल्यावर गच्चीवर त्याला फोन दिला. काहीच सांगितलं नाही आधी, फक्त क्लिप लावली. त्यानं आवाज बंद केला. बघितली. परत लावली. पाच-सहा वेळा तरी. हसला नाही. पैलवान दुसऱ्याची कुस्ती बघतो तशी बघत होता, पायांकडे.

"हाऊ मधीच थांबाले गया," तो म्हणाला. "म्हनीसन पडना."

मी म्हटलं, अगदी बरोबर, तसंच झालं होतं. मग त्याला कारखान्याचं सांगितलं, साखळ्यांचं, अलीच्या सहीचं. अलीवर तो जरा हलला. अली त्याला माहीत आहे, तालमीत फोटो आहे.

"त्यानं नाव काय शे?"

"विन्को बोगताय."

त्यानं ते दोनदा हळू म्हणून बघितलं. बोगताय. आपल्याकडचंच वाटतं म्हणाला, शिरपूरकडचं.

"मंग तो परत उडना का?"

उडला. पुढच्याच वर्षी परत उतरला. पहिल्याइतका पुढे गेला नाही, पण उडला. नंतर पोरांना शिकवायला लागला. त्याच्या हाताखालचा फ्रान्सी पेटेक १९९१ ला जगज्जेता झाला.

बापूनं फोन माझ्याकडे दिला. "तो परत उडना तो व्हिडिओ दखाड."

तो मी अजून शोधतेय. पडलेला पन्नास ठिकाणी आहे. हा काही सापडत नाहीये.