पहिल्या क्यूची तयारी

आयकिदो या जपानी युद्धकलेचे जनक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी स्पर्धेला थारा दिला नाही आणि त्यांची परंपरा चालवणाऱ्या तोक्योतील आयकिकाई संस्थेत आजही सामने होत नाहीत. त्यामुळे विद्यार्थ्याची प्रगती जोखण्याचे औपचारिक साधन म्हणजे श्रेणी-परीक्षा. विद्यार्थिदशेतील श्रेणींना क्यू म्हणतात, त्या उतरत्या क्रमाने मोजल्या जातात आणि पहिला क्यू ही शोदान, म्हणजे पहिल्या काळ्या पट्ट्याच्या, आधीची शेवटची पायरी होय.

परीक्षेत आधी हल्ल्याचे आणि मग तंत्राचे नाव पुकारले जाते. ही नावे पाठ करण्यातच अनेकांची तयारी खर्ची पडते, परंतु खरा कस लागतो तो सुवारी-वाझामध्ये, म्हणजे दोघांनीही गुडघ्यांवर राहून करायच्या तंत्रांमध्ये. शोमेनउची हा हाताच्या कडेने डोक्यावर सरळ उतरणारा वार. तो येताना पायाची बोटे दुमडून टाचा उभ्या ठेवलेल्या असाव्या लागतात, वाराला जोर चढण्याआधीच एका हाताने मनगट व दुसऱ्याने कोपर गाठावे लागते आणि गुडघा पुढे टाकत ते कोपर हल्लेखोराच्याच कानाकडे वळवून त्याला खाली न्यावे लागते. हेच इक्क्यो, बहुतेक विद्यार्थ्यांच्या पहिल्या धड्यांपैकी एक. उभ्याने करताना पावलांच्या चपळाईत जी चूक दडून जाते ती येथे उघडी पडते, कारण खांद्याच्या बळावर कोपर रेटले की करणाऱ्याचाच तोल पुढे झुकतो. वरच्या श्रेणीला जुनेच तंत्र पुन्हा करायला लावतात, ते योग्यच आहे.

तयारीची दुसरी बाजू उकेची, म्हणजे हल्ला करून तंत्र अंगावर घेणाऱ्या सहकाऱ्याची. उकेने मनापासून वार केला नाही, तर परीक्षार्थीला मा-आई, म्हणजे दोघांमधील योग्य अंतर, कधीच कळत नाही. शेवटी कोणते तंत्र करायचे हे न सांगता सलग हल्ले होतात, तेव्हा दमलेला विद्यार्थी घाई करू लागतो आणि सर्वांत आधी हे अंतरच बिघडते.

म्हणून परीक्षार्थीने अखेरचे आठवडे नवी तंत्रे गोळा करण्यात घालवू नयेत. रोज गुडघ्यांवर चालण्याचा सराव करावा आणि स्वतःच्या परीक्षेपूर्वी एकदा तरी दुसऱ्याच्या परीक्षेत उके म्हणून उभे राहावे.